हातात घातलेला बूट

आप्पांच्या पायात निळ्या पट्ट्यांच्या रबरी सपाता असायच्या आणि बूट असायचा हातात. हातात म्हणजे धरलेला नव्हे, घातलेला. डावा पंजा पार मनगटापर्यंत बुटात सारून ते सुरतेजवळच्या इच्छापोरच्या आमच्या कारखान्यात फिरायचे. चहा उजव्या हातानं प्यायचे, आणि कुणी नमस्कार केला तर बुटासकट हात जोडायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला बूट दाखवतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी घाबरून विचारलं, "आप्पा, काही चुकलं का माझं?"

ते माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत म्हणाले, "आजून नाही. पण चुकशील. टाचा बाहेरून झिजल्यात तुझ्या. असा मानूस नेहमी घाईत चुकीच्या दारात शिरतो."

पुढची सगळी वर्षं मी हे भाकीत इमानदारीनं खरं करत राहिलो.

आमचा कारखाना शाळेच्या बुटांचा. काळे, गोल नाकाचे, एकसारखे. आप्पा त्यांचे डिझायनर होते, पण शाळेच्या बुटात डिझाईन ते काय करणार? वरून फर्मा, म्हणजे बुटाचा साचा, यायचा, आप्पा त्यावर तोच बूट पुन्हा काढायचे. माझं काम तपासणीचं. म्हणजे तयार जोडी बघायची आणि तिच्यावर हिरवा गोल 'ओके' चिकटवायचा. हे काम मी इतक्या मनापासून करायचो, की एकदा शेठच्या चहाच्या कपावर 'ओके' चिकटवून आलो होतो. दुसऱ्यांदा तर एका शाळेला अख्खं खोकं गेलं, त्यात प्रत्येक जोडीत दोन्ही बूट डाव्या पायाचे. सगळ्यांवर माझा हिरवा गोल. शेठ पार कातावले. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या शेठ. पोरं लंगडी खेळतील." त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारेनासे झाले. म्हणायचे, "ए ओके, इकडे ये."

कारखान्यात बूट चिकटवायच्या सोल्युशनचा वास भरलेला असायचा. दुपारी पत्रे तापले की तो वास जड होऊन खाली बसायचा आणि सगळी माणसं त्यात हळूहळू बुडाल्यासारखी चालायची. खिडकीतून लांब हजिऱ्याच्या गॅस कारखान्यांच्या बाजूला एक ज्योत दिसायची. दिवसाउजेडी तिला रंग नसायचा, नुसती हवा थरथरायची. जेवण झालं की आप्पा फोमच्या गुंडाळ्यांवर आडवे व्हायचे, हातातला बूट छातीवर ठेवून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एखादं मांजर पोटाशी घेऊन कुणी झोपलंय. शेठनं एकदा जागं करायला मला पाठवलं. मी खांदा हलवला तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "जपू दे ना भो. हाऊ बोली ऱ्हायना."

म्हणजे झोपू दे, हा बोलतोय. हा म्हणजे बूट.

आप्पा जळगावकडचे. बाहेर बऱ्यापैकी मराठी बोलायचे, शेठशी मोडकीतोडकी गुजराती, पण बुटांशी बोलायचे ते घरच्या अहिराणीत. कुणाचा जुना, फाटका बूट दिसला की ते तो मागून घ्यायचे, वर्तमानपत्रावर ठेवायचे, आणि आजारी पोराला विचारावं तसं विचारायचे, "कोठे दुखस रे तुले?" मग अंगठ्यानं चाचपत जायचे. नाक, टाच, शिलाई, लेसची भोकं. त्यांचं म्हणणं असं, की बूट कधी सगळाच्या सगळा मरत नाही. तो एका जागी मरतो आणि बाकीचा त्याच्या दुःखात जातो. ती जागा सापडली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की आपण सुतकात बसलोय की बारशाला, तेच कळू नये.

फेकायचं म्हणून त्यांना काही ठाऊकच नव्हतं. कापडाच्या कतरणी, रबराचे तुकडे, तुटक्या लेस, सगळं खिशात. त्यांच्या डब्याची कडी कधीच मोडली होती, म्हणून डब्याला आडवीउभी लेस बांधलेली असायची. तुटली की खाली वाकायचे, टेबलाखालच्या ढिगातून हाताला येईल ती दुसरी उचलायचे आणि बांधायचे. न बघता. या डब्याकडे मी इतकी वर्षं रोज पाहिलं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. तपासणीवाला होतो ना.

त्यांच्या ओठांवर मिशीसारखंच कायम बसलेलं एक वाक्य होतं: "आपला एक बूट व्हायला पाहिजे." आपला म्हणजे त्यांच्या डोक्यातून निघालेला, वरून फर्मा न आलेला. आयुष्यभर दुसऱ्याचं नाक आणि दुसऱ्याची टाच काढत आलेल्या माणसाचं एवढंच मागणं. आणि वेळ संपत आली होती. दिवाळीला आप्पांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवायचं शेठनं ठरवलं होतं. गावी भावाचं घर होतं, शेत होतं. "तिथे काय करू?" आप्पा म्हणायचे. "गावात लोक चिखलात अनवानी. कोनाचा बूट दुखतच नाही."

अशात माझी भाची बूट घेऊन आली.

माझी बहीण आणि मी डिंडोलीत एकाच गल्लीत राहतो. भाऊजी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात. भाची कॉलेजात जाते, घरी आईशी अहिराणी, मैत्रिणींशी गुजराती, आणि स्वतःशी बहुतेक हिंदीत बोलते. तिला चार चाकांच्या फळीचं वेड लागलं होतं. कॅनॉलच्या कडेला सिमेंटचा नवा रस्ता झालाय, अजून गाड्यांना उघडलेला नाही, तिथे ही फळीवर उभी राहून संध्याकाळभर घरंगळत असते. बहिणीची तक्रार फळीबद्दल नव्हती, बुटांबद्दल होती. "अरे, पाय आहेत की किसणी? महिनाभर बूट टिकत नाही हिला."

मी छाती काढून म्हणालो, "आमच्या कंपनीचा शाळेचा बूट घाल. जगात मजबूत."

"मामा, शाळेचा?"

"अगं, खालचा रस्ता फाटेल, बूट नाही फाटणार."

ती घालून गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. डाव्या बुटाचं नाक मगरीसारखं उघडलेलं, लेस तुटलेली, आणि जे उरलं होतं त्यावर माझा हिरवा 'ओके' जसाच्या तसा. "मामा," ती म्हणाली, "स्टिकर मात्र एकदम मजबूत आहे हं तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी तो मृतदेह आप्पांपुढे ठेवला. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि विचारलं, "कोठे दुखस रे तुले?" उजवा बूट धडधाकट. डाव्याचं नाक उघडलेलं, करंगळीच्या बाजूनं कातडं पार उडालेलं, आणि त्याच बाजूच्या खालच्या भोकांपाशी लेस कापल्यासारखी तुटलेली.

"एकाच पायाला? तेही बाहेरून?" आप्पा म्हणाले. "हे काय केलं पोरीनं?"

"कुत्र्यानं चावलं असेल," मी तज्ज्ञाचं मत दिलं.

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्या टाचा लपवल्या.

संध्याकाळी ते माझ्याबरोबर डिंडोलीला उतरले आणि कॅनॉलवर आले. ऊन कलतं होतं, पाणी तांबूस झालं होतं, लांबून लूमची खटखट येत होती, इतकी सारखी की थोड्या वेळानं ती ऐकू येणं थांबतं. भाची लांबून फळीवर उभी येत होती. पाय हलत नव्हते, नुसती ती जवळ येत होती, स्वप्नात माणसं येतात तशी. आमच्यासमोर येऊन तिनं मागच्या पायानं फळीची शेपटी दाबली, डावा पाय फळीवरून वर ओढला, आणि ती फळीसकट हवेत गेली. क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग खाडकन रस्ता.

"पुन्हा," आप्पा कुजबुजले.

तिनं पुन्हा केलं. आप्पा जाऊन फळीपाशी उकिडवे बसले, तिच्यावरून बोट फिरवलं आणि ओरडले, "अरे, हा तर पॉलिश पेपर!"

होता खरा. पाय निसटू नये म्हणून फळीवर खरखरीत काळा कागद चिकटवलेला असतो, सुतार लाकूड घासतात तसलाच. वर उडायचं तर डाव्या पायाची बाहेरची कड त्या कागदावरून ओढत न्यावी लागते. दर वेळी. काडेपेटीवर काडी ओढावी तशी.

"म्हनजे तुझा बूट कुठे मरनार ते आधीच ठरलेलंय!" आप्पा भाचीला म्हणाले. एखाद्या डॉक्टरनं आनंदानं टाळी देत सांगावं तसं. "माय, असा बूट मी जन्मभर शोधत होतो."

भाची माझ्या कानात म्हणाली, "मामा, हे ठीक आहेत ना?"

मी पण फळीवर उभा राहून पाहिलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कॅनॉलला तेव्हा पाणी कमी होतं एवढंच सांगतो.

शेठसमोर आप्पा हातातला बूट नाचवत तासभर बोलले. शेठ सुरती, कापडाच्या धंद्यातून बुटात आलेले. माणूस कडक, पण खाण्यापिण्याच्या आणि रंगाच्या बाबतीत विरघळणारा. शेवटी म्हणाले, "एक जोडी बनावो. छोकरी दिवाळी सुधी पहेरे. दोरी ना तूटे तो लाइन चालु, ने आप्पा अहींया. तूटे तो शाल ने श्रीफळ." दिवाळीपर्यंत तिच्या पायात लेस टिकली, तर हा बूट निघणार आणि आप्पा राहणार. तुटली, तर नारळ.

आप्पा कामाला लागले. म्हणजे बूट हातात घालून पॉलिश पेपरवर घासत बसले. दुपारच्या त्या जड वासात त्यांचा हात पुढेमागे, पुढेमागे चाललेला असायचा, डोळे अर्धे मिटलेले, आणि तो खर्रर्र खर्रर्र आवाज ऐकून शिलाईवाल्या बायकांना पेंग यायची. पहिल्या नमुन्यात त्यांनी लेसवर पत्र्याची पट्टी बसवली. भाचीनं ती घालून उडी मारली तेव्हा ठिणगी उडाली. दुसऱ्यात बाजूला जाड रबराची भिंत उभी केली. ती झिजेना, फाटेना, लेसला धक्काही लागेना. आप्पा हरखले. भाचीनं एक फेरी मारली आणि तोंड पाडून परत आली.

"काय झालं?"

"आप्पा, मजबूत आहे. पण फळी कळतच नाही हो पायाला. हाताला रजई बांधून भाकरी थापल्यासारखं वाटतं."

आप्पा काही दिवस कुणाशी बोलले नाहीत. बुटाशीसुद्धा नाही. डबा खायचे, फोमवर आडवे व्हायचे, पत्र्याकडे बघत राहायचे. मला वाटलं, आता आपण काहीतरी धीराचं बोलावं. मी म्हणालो, "आप्पा, गावी हवा छान असते." ते कूस बदलून झोपले.

त्या झोपेतून उठले ते वेगळेच. मला जवळ बोलावून म्हणाले, "ओके, माझ्या खोलीचं दार पाहिलंस कधी?"

आप्पांची डिंडोलीतली भाड्याची खोली मी पाहिली होती. दार निळं.

"वरून निळं. मी रोज रात्री कडी लावताना नखानं खरवडतो. निळ्याखाली हिरवं आहे. हिरव्याखाली गुलाबी. माझ्याआधी जे जे राहून गेले, त्या सगळ्यांचा एकेक रंग. दार झिजत नाही भो. दार उघडत जातं." मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मी त्या बुटाला मरू नको म्हनत होतो. त्याला म्हनायला पाहिजे, सावकाश मर. आनि छान मर."

तिसरा बूट असा झाला: वर काळं, मऊ, बारीक लव असलेलं स्वेड कातडं, नाकापासून बाजूपर्यंत अख्ख्या एका तुकड्याचं. घासणाऱ्या जागी शिलाई ठेवलीच नाही, कारण तिथे आधी दोरा तुटतो आणि मग बूट उघडतो. काळ्याच्या खाली कागदाएवढं पातळ रबर, हळदीच्या रंगाचं. त्याच्या खाली लाल कॅनव्हास. आणि लेस? खालच्या भोकांची लेस त्यांनी कातड्याच्या आतल्या बाजूनं भुयारातून नेली, वर एक छोटीशी पाकळी शिवली. पॉलिश पेपरला तिचं तोंडही दिसू नये. वर, घोट्यापाशी, तेवढी गाठ बाहेर.

"आता कळते," भाची पहिल्याच उडीनंतर ओरडली. "आप्पा, फळी कळते!"

मग पावसाळा ओसरला, नवरात्र आलं, गेलं. ती रोज घासत होती. मधून मधून आप्पा कॅनॉलवर जाऊन बसायचे, तिच्या पायाकडे टक लावून. एकदा लेसच्या टोकाचं प्लास्टिक निघालं तर भाचीनं त्यावर लाल नेलपॉलिश लावून ते घट्ट केलं. आप्पांनी त्यावर मान डोलावली. "शिकली," म्हणाले.

आता माझा पराक्रम.

दिवाळीच्या तोंडावर शेठनं सकाळी जोडी बघायची ठरवली. आदल्या दिवशी सकाळी भाचीनं बूट माझ्याकडे दिले, की कारखान्यात पोहोचवा. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते आप्पांच्या टेबलावर ठेवले आणि माझा जीवच गेला. डाव्या बुटाच्या बाजूला काळं उडालेलं आणि आतून पिवळा डाग वर आलेला. लेस मळून मातीची झालेली, टोकाला लाल काहीतरी. शेठसमोर हे जाणार? आप्पांचं पोट आहे यावर! मी सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आप्पांबद्दल इतकी माया दाटून आली, की मी काळ्या रंगाची बाटली काढली आणि तो पिवळा डाग झकास बुजवला. दोन हात दिले. मग ब्रश मारला. मग ती घाणेरडी लेस सगळीच्या सगळी उपसून टेबलाखाली टाकली, कपाटातून नवीकोरी पांढरी लेस काढून ओवली, बूट पॉलिथिनमध्ये घातले, आणि वर शांतपणे हिरवा गोल चिकटवला. घरी जाताना मी गुणगुणत होतो.

सकाळी शेठच्या केबिनमध्ये आप्पा, भाची आणि मी. शेठनं पॉलिथिन फाडलं. बूट बाहेर आला, दुकानातल्यासारखा. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे हसलो.

शेठनं पांढरी लेस चिमटीत धरली. "आ शुं? नवी दोरी?"

"होय शेठ," मी म्हणालो. "मीच घातली. स्वच्छ दिसावं म्हणून."

"तो जूनी क्यां गई?"

जुनी कुठे गेली, हे विचारताच मला उमगलं. ज्या एका दोरीवर सगळं टांगलं होतं, ती मी स्वतःच्या हातानं काढून फेकली होती. मजबूत असल्याचा पुरावा मी घाण म्हणून साफ केला होता.

"तुटली नव्हती शेठ," भाची पुढे होऊन म्हणाली. "एकदाही नाही. शपथ."

शेठ मवाळपणे म्हणाले, "बेटा, तू आनी भाणेज." याची भाची आहेस तू, म्हणजे तुझी साक्ष कशी धरू?

मी पळत टेबलाकडे गेलो. टेबलाखालचा ढीग तसाच होता. मी त्यात अक्षरशः शिरलो. काळ्या लेस निघाल्या, तपकिरी निघाल्या, पांढऱ्या निघाल्या. लाल टोकाची निघेना. शिलाईवाल्या बायका विचारत होत्या, "भाऊ, काय हरवलं?" काय सांगणार? आप्पा हरवले, असं सांगू?

कपाळाला कतरणी चिकटलेल्या अवस्थेत मी केबिनमध्ये परतलो तेव्हा आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. डावा बूट हातात घातलेला, समोर पॉलिश पेपर. खर्रर्र. खर्रर्र. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं; दुपारी झोपेच्या कडेवर असायचे तसे होते. आधी माझा काळा रंग उडाला. मग हळूहळू, ढगाआडून ऊन यावं तशी ती हळद वर यायला लागली. शेठ खुर्चीतून पुढे वाकले. आप्पा घासत राहिले, आणि पिवळ्याच्या मधोमध एक बारीक लाल ठिपका उमलला.

"अंदर थी?" शेठनं विचारलं. "आ कलर अंदर थी आवे छे?" आणि कापडाच्या माणसाची बोटं आपसूक त्या कडेवरून फिरली. "सरस," ते पुटपुटले. "बहु सरस." मग मागे टेकले. "पण आप्पा, वात तो दोरीनी हती ने."

आप्पांनी बूट हातातून काढला. इतक्या वर्षांत मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. उन्हात न गेलेला, फिकट, लहान मुलाच्या पायासारखा. "बरोबर आहे शेठ," ते म्हणाले. "बोलनं ते बोलनं." मग उठले आणि म्हणाले, "जेवून घेतो. मग सामान आवरतो."

शेठला वाईट वाटलं असावं. म्हणाले, "अहींयाज जमो. साथे." इथेच बसा, बरोबर जेवू.

आप्पांनी डबा आणून शेठच्या टेबलावर ठेवला. आडवीउभी लेस बांधलेला. शेठनं आपुलकीनं स्वतःच गाठ सोडायला घेतली. सुटेना. ओढली. सुटेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, आणि भाची एकदम किंचाळली, "मामा! नेलपॉलिश!"

डब्यावरून लोंबणाऱ्या त्या मातकट लेसचं टोक लाल होतं.

आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आरे," ते म्हणाले. "सकाळी जुनी तुटली म्हनून खालची उचलली. म्हटलं, छान आहे, टिकेल."

शेठनं ती लेस डोळ्यांपाशी धरली, भाचीच्या बोटांवरची नेलपॉलिश पाहिली, पुन्हा लेस पाहिली. मग तिची पुरी परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी असा हिसका दिला, की गाठ सुटली, झाकण उडालं आणि वांग्याचं भरीत शेठच्या पांढऱ्या पँटीवर आलं. शेठनं लेस उंच धरली. अखंड होती. मग त्यांनी मांडीवरचं भरीत बोटानं घेऊन चाखलं.

"दोरी नथी तूटी," ते म्हणाले. "ने रींगणा पण सरस छे."

तो बूट निघाला. डाव्या उजव्या दोन्हीला पाकळी लावून, कारण कुणी कुणी उजवा पाय पुढे ठेवतो, हे भाचीनं वेळेत सांगितलं. नाहीतर मी पुन्हा डावेच पाठवले असते. आप्पा राहिले. नंतरही दुपारी फोमवर झोपले, बुटांना दुखणी विचारली, मला 'ओके' म्हणाले. पुढे एका दिवाळीला स्वतःच म्हणाले, आता पुरे, आणि गावी गेले. निरोपाला मी त्यांना नव्या कडीचा डबा दिला. त्यांनी तो घेतला, कडी नीट लावून पाहिली, आणि वरून ती लेस बांधली.

मध्यंतरी आप्पा गेल्याचं कळलं. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत म्हणे. भावानं फोनवर विचारलं, "हातात बूट होता, तो काढून ठेवलाय. तो कोनाचा?" मी म्हणालो, त्यांचाच.

माझ्याकडेही त्या बुटांची एक जोडी आहे. मी फळीवर चढत नाही, कॅनॉलला हल्ली पाणी जास्त असतं. त्यामुळे माझ्या बुटाला आतली हळद काही दिसेना. भाची चिडवते, "मामा, तुमचा बूट जन्मभर काळाच राहणार."

परवा रविवारी दुपारी सगळी गल्ली निजली होती. लूमची खटखट लांबून येत होती. मी गच्चीवर सावलीत बसलो, डावा बूट काढला आणि सहज हात आत घातला. आत ऊब होती. माझ्याच पायाची, पण हाताला ती दुसऱ्या कुणाची वाटली. गच्चीचा कठडा खरखरीत आहे. मी हात पुढेमागे करत राहिलो, डोळे जड झाले.

"मामा, हे काय चाललंय?" भाची कपडे वाळत घालायला आली होती.

मी डोळे मिटलेलेच ठेवले. "जपू दे ना," म्हणालो.

ती थोडा वेळ उभी राहिली असावी. मग तिची पावलं जवळ आली, आणि तिनं माझा हात हळूच वळवून बघितला.

"मामा," ती म्हणाली, "पिवळं आलं."